पाऊस येण्याआधीचं आकाश: मे महिन्यात रात्री काय काय बघायचं

आकाशनिरीक्षणावरची परदेशी पुस्तकं सरत्या उन्हाळ्याचं आकाश म्हणतात, तेव्हा त्यांना ऑगस्ट महिना म्हणायचा असतो. १२-१३ ऑगस्टचा ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव, डोक्यावर आलेली आकाशगंगा, गवतावर आडवं पडून तारे बघणं, असं सगळं त्यात असतं. आपल्याकडे तेव्हा श्रावणाच्या आगेमागचे दिवस असतात आणि आठ-आठ दिवस चंद्रसुद्धा नजरेला पडत नाही. ती पुस्तकं वाचून ऑगस्टात छत्री घेऊन गच्चीवर जाण्यात अर्थ नाही.

आपला उन्हाळा सरतो तो मेमध्ये. मोसमी पाऊस मुंबईत पोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, तळकोकणात आणि गोव्यात तो त्याआधीच येतो. एकदा ढग आले की दसऱ्यापर्यंत सलग मोकळी रात्र मिळणं कठीण. त्यामुळे अक्षय तृतीयेपासून मृग लागेपर्यंतचे पाच-सहा आठवडे हाताशी धरायचे. ह्याच दिवसांत दक्षिणेकडच्या अशा काही गोष्टी सोयीच्या वेळी दिसतात, ज्या बघायला दिल्लीकरांनी आणि न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींनी मुद्दाम प्रवास करावा.

खाली दिलेल्या वेळा १५ मेच्या आसपासच्या आणि पुणे-मुंबई पट्ट्यातल्या आहेत. तारे रोज सुमारे चार मिनिटं आधी उगवतात, म्हणजे पंधरवड्याला एक तास. मेच्या सुरुवातीला बघणार असाल तर दिलेल्या वेळेत एक तास मिळवा, महिनाअखेरीला एक तास वजा करा. नागपूरकरांनी सगळीकडे वीसेक मिनिटं आधीची वेळ धरावी.

रात्र कोणती निवडायची

चांदणं नको. बुद्ध पौर्णिमेला जंगलात मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात, त्या लोकांना लख्ख चांदणं लागतं; आपलं नेमकं उलट. वद्य अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्रीच्या पुढे उगवतो आणि शुद्ध चतुर्थी-पंचमीपर्यंत तो लवकर मावळतो. ह्या बारा-तेरा दिवसांत कुठलीही रात्र चालेल.

मेमधला खरा शत्रू मात्र चंद्र नाही, धुरळा आहे. महिनाभर तापलेल्या जमिनीवरून उडालेली धूळ क्षितिजाजवळ थर धरून बसते आणि खालचे आठ-दहा अंश खाऊन टाकते. ह्यावर उपाय आपल्या हातात नाही, पण निसर्ग तो अधूनमधून करतो. वळवाचा पाऊस पडून गेला की हवा धुऊन निघते. दुपारी-संध्याकाळी वळीव झाला आणि रात्री आभाळ उघडलं, तर दुसरं काम टाकून बाहेर पडा. मला विचाराल तर अमावास्येच्या धुरकट रात्रीपेक्षा वळवानंतरची चतुर्थीची रात्र कधीही चांगली.

सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पण खरा अंधार सव्वाआठ-साडेआठशिवाय होत नाही. तोवर जेवून घ्यावं.

जागा

दोन गोष्टी बघा: दिवे नकोत आणि दक्षिण मोकळी हवी. दुसरी गोष्ट नवखे लोक हमखास विसरतात. उत्तम अंधाराची जागा शोधतात आणि दक्षिणेला डोंगर निघतो! दिवसा जाऊन होकायंत्राने दक्षिण बघून ठेवा. शहर आपल्या उत्तरेला राहील अशी जागा निवडली तर शहराचा उजेड पाठीमागे जातो. कोकणातले सडे, म्हणजे कातळाची मोकळी पठारं, ह्या कामाला फार चांगले. विदर्भात असाल तर पेंच व्याघ्र प्रकल्पाकडे जा. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारी आणि वाघोली ही गावं त्याच परिसरातली.

पहिल्यांदा एकट्याने जाण्यापेक्षा कुणाबरोबर तरी जावं. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकरांना खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम माहीत असतील. अशा ठिकाणी माहीतगार माणूस लेझरने तारा दाखवतो आणि पुस्तकात तासभर जे कळत नाही ते मिनिटात कळतं.

पायात बूट हवेत. मेमध्ये विंचू आणि साप रात्रीच बाहेर पडतात, कातळावर सतरंजी अंथरण्याआधी टॉर्च मारून बघा. जुन्नर-आंबेगावकडे असाल तर उसाच्या कडेला बसू नका, कारण तिकडच्या लोकांना विचारा. गडावर मुक्काम करायचा तर आधी परवानगीची चौकशी करा.

सोबत काय घ्यायचं

सतरंजी, पाणी, आणि टॉर्चच्या काचेला रबरबँडने बांधलेला लाल जिलेटिन कागद. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पांढरा पडदा ती मेहनत एका क्षणात वाया घालवतो. स्टेलॅरियमसारखं ॲप वापरायचं असेल तर त्यातला रात्रीचा लाल पडदा चालू करा.

दुर्बीण म्हणजे दोन डोळ्यांची साधी बायनाक्युलर. ७×५० किंवा १०×५० पुरे. टेलिस्कोप इतक्यात घेऊ नका. आकाश ओळखीचं नसताना टेलिस्कोप घेतला की तो दोन वेळा चंद्राकडे वळतो आणि मग माळ्यावर जातो.

मोजपट्टी आपल्या हातालाच आहे. हात समोर ताठ धरून मूठ वळली की मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. बोटं ताणून धरलेली वीत २० अंशांच्या आसपास, करंगळीची जाडी १ अंश. लहान मुलाचा हात आखूड तशी मूठही लहान, त्यामुळे हे माप सगळ्यांना लागू पडतं.

साडेआठ वाजता: उत्तरेकडे तोंड करा

सुरुवात सप्तर्षींपासून. मेच्या संध्याकाळी ते उत्तरेला उंचावर असतात. चार ताऱ्यांचा चौकोन आणि उजवीकडे तीन ताऱ्यांची वाकडी शेपटी, शेपटीवाल्या पतंगासारखा हा आकार एकदा दिसला की पुन्हा चुकत नाही. चौकोनाचे डावीकडचे दोन तारे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढून ती खाली त्याच दिशेने पाचपट वाढवली की ध्रुव.

ध्रुव बघून बहुतेकांचा विरस होतो. तो सर्वांत तेजस्वी तारा नाही, दुसऱ्या प्रतीचा आहे, आणि आपल्याकडून तो फारसा वरही नसतो. जितके तुमचे अक्षांश तितकी त्याची उंची: पुण्यात साडेअठरा अंश म्हणजे दोन मुठींना थोडी कमी, नागपुरात २१, पणजीत साडेपंधरा. मेमध्ये धुरळ्यामुळे तो आणखी मंद दिसतो.

आता शेपटी नीट बघा. अंगिरस, वसिष्ठ आणि टोकाचा मरीची. मधल्या वसिष्ठावर नजर ठेवा. त्याला अगदी चिकटून एक बारीक तारा आहे, ती अरुंधती. लग्नात ध्रुवाबरोबर नवरानवरीला दाखवतात तीच. दाखवतात म्हणजे गुरुजी हॉलच्या छताकडे बोट करतात आणि जोडपं मान डोलावतं. मे हा लग्नाचाच महिना आहे, तेव्हा रात्री जोडप्याला गच्चीवर नेऊन खरीखुरी अरुंधती दाखवायला हरकत नाही. दोघांतलं अंतर सुमारे १२ कला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या निम्म्याहून कमी. चांगल्या नजरेला ती नुसत्या डोळ्यांनी सुटी दिसते. चष्मा असेल तर चढवा. दुर्बिणीतून मग दोघं स्वच्छ वेगळे दिसतात.

शेपटीचा बाक तसाच पुढे, पूर्वेकडे वाढवत न्या. तीन मुठींवर नारिंगी झाक असलेला ठळक तारा लागतो. ही भूतप तारकासमूहातली स्वाती, आपल्यापासून ३७ प्रकाशवर्षांवर. तोच बाक आणखी तीन मुठी खाली आग्नेयेकडे नेला की निळसर पांढरी चित्रा. स्वाती आणि चित्रा ह्यांच्या रंगातला फरक मुद्दाम बघा: एकीकडून दुसरीकडे, पुन्हा पहिलीकडे. ताऱ्यांना रंग असतात हे इथे सहज पटतं.

चित्रेच्या उजवीकडे, दीड मुठीवर, फार तेजस्वी नाही पण ठसठशीत असा चार ताऱ्यांचा तिरपा चौकोन आहे. हा हस्त. पुढचा सगळा कार्यक्रम ह्याच्या जिवावर चालतो, म्हणून तो पक्का करून ठेवा.

वेळ असेल तर पश्चिमेकडेही एक नजर टाका. पुनर्वसूचे दोन तारे शेजारी शेजारी उभे असतात, त्यांच्या वर कर्केतला पुष्य. नुसत्या डोळ्यांना तो धुरकट ठिपका दिसतो, दुर्बिणीतून त्याचे पन्नासेक तारे होतात. डोक्याच्या जवळ सिंह आहे आणि त्याच्या पुढच्या पायाशी मघा. सिंह आणि स्वाती ह्यांच्या मध्ये, अंधार चांगला असेल तर बारीक ताऱ्यांचा विखुरलेला पुंजका दिसतो, तो अरुंधतीकेश. हा टेलिस्कोपमध्ये मावत नाही, दुर्बिणीतच छान दिसतो.

साडेनऊ: त्रिशंकू

आता पूर्ण वळून दक्षिणेकडे तोंड करा. ह्या वेळी हस्त बरोबर दक्षिणेला आलेला असतो. त्याच्या चौकोनाची डावी बाजू धरा, म्हणजे डावीकडचे वरचा आणि खालचा असे दोन तारे. ही बाजू जवळजवळ सरळ उभी असते. तिची रेघ ओळंब्यासारखी सरळ खाली सोडा. साडेतीन मुठी खाली गेलात की एक तांबूस तारा लागतो. तो त्रिशंकूचा माथा.

त्रिशंकू आकाराने लहान आहे. वरच्या ताऱ्यापासून खालच्यापर्यंत जेमतेम ६ अंश, म्हणजे अख्खा त्रिशंकू ७×५० दुर्बिणीच्या एका नजरेत बसतो. वर एक, खाली एक, डावीकडे एक आणि उजवीकडे एक मंदसर असे चार तारे, पतंगाच्या काड्यांच्या टोकांना असावेत तसे. खालचा खरं तर त्यातला सर्वांत तेजस्वी, पण क्षितिजाजवळच्या धुळीतून त्याचा उजेड यायचा असल्याने तोच शेवटी सापडतो. विश्वामित्राने सदेह स्वर्गात पाठवलेला आणि देवांनी परत ढकललेला राजा तो हाच.

खालच्या ताऱ्याची सर्वाधिक उंची किती, ह्यावर दिसणं न दिसणं ठरतं. पणजीतून ती ११ अंशांवर जाते, म्हणजे मुठीपेक्षा थोडी जास्त. कोल्हापुरातून १० अंश, पुण्यातून साडेआठ, मुंबईतून ८ च्या आत, नागपुरातून पावणेसहा. दिल्लीतून तो उगवतच नाही. म्हणून दक्षिणेला टेकडी नको असं वर म्हटलं. दहा अंशांची टेकडी म्हणजे काही मोठी टेकडी नव्हे.

त्रिशंकू दक्षिणेला उभा असतो तो वेळही थोडाच. साडेनऊच्या आधी तो डावीकडे कललेला असतो, नंतर उजवीकडे कलतो आणि साडेअकरापर्यंत खालचा भाग धुळीत जातो. तेव्हा नऊ ते दहा हा तास त्याच्यासाठी राखून ठेवा. नऊला बघितला आणि दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका, दहा-दहा मिनिटांनी दुर्बीण लावत राहा. आधी माथ्याचा तारा सापडेल, मग डावीकडचा, आणि मग एखाद्या क्षणी खालचा.

एक फसवणूक सांगून ठेवतो. साडेआठला अंधार पडतो तेव्हा नैर्ऋत्येला चार ताऱ्यांची आणखी एक फुली दिसते. ती मोठी आणि मंद आहे. नवखे लोक तिलाच त्रिशंकू समजून फोटो काढून पाठवतात. खऱ्या त्रिशंकूची खूण अशी की त्याच्या डावीकडे, खालच्या अंगाला, दोन ठळक तारे त्याच्याकडे बोट करून उभे असतात. आधी दिसतो तो मित्रक, त्याच्याही डावीकडचा मित्र. साडेनऊला मित्र क्षितिजापासून सहा अंशांवर असतो, म्हणून लगेच दिसेलच असं नाही. तासाभराने त्रिशंकू कललेला असतो आणि हे दोघे वर आलेले असतात. मित्र रात्री पावणेबाराच्या सुमारास सर्वांत उंच, म्हणजे पुण्यातून साधारण एका मुठीवर येतो.

मित्राला एवढा वेळ द्यावा का? द्यावा. सूर्य सोडला तर आपला सर्वांत जवळचा शेजारी हाच, सव्वाचार ते साडेचार प्रकाशवर्षांवरचा तीन ताऱ्यांचा संसार. त्यातला सर्वांत जवळचा, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा, डोळ्यांना दिसत नाही. उरलेले दोघे मिळून रात्रीच्या आकाशातला तिसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा होतात, व्याध आणि अगस्त्यानंतरचा.

साडेदहा: चित्रेखालचा कापूस

आता चित्रा दक्षिणेला आलेली असते, दोन-तृतीयांश आकाश वर. तिच्यापासून पुन्हा ओळंबा सोडा, साडेतीन मुठींहून किंचित जास्त. क्षितिजापासून मोजायचं तर पुण्यातून दोन मुठी आणि वर थोडं. तिथे नुसत्या डोळ्यांनी एक पुसट, नीट टोक नसलेला तारा दिसतो. दुर्बीण लावा. तारा गायब होऊन त्या जागी गोल, मऊ उजेडाचा गोळा दिसेल, मध्ये दाट आणि कडेला विरत गेलेला, जवळजवळ चंद्राएवढा.

हा नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी. जुन्या लोकांनी त्याला ताराच समजून क्रमवारीत बसवलं होतं. तो तारा नाही हे १६७७ मध्ये एडमंड हॅली ह्यांनी नोंदवलं, धूमकेतूवाले हॅली तेच. आज आपल्याला माहीत आहे की हा सुमारे १ कोटी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे, १७,००० प्रकाशवर्षांवरचा, आपल्या आकाशगंगेतला ह्या जातीचा सर्वांत मोठा. दुर्बिणीतून त्यातले तारे सुटे दिसत नाहीत, त्यासाठी चार-सहा इंची टेलिस्कोप लागतो. युरोपातल्या बहुतेक हौशी निरीक्षकांच्या वाट्याला हा येत नाही. आपल्याला तो घरबसल्या मिळतो आणि तरी आपण त्यांच्या याद्यांवरून उत्तरेकडचे गुच्छ शोधत बसतो, ह्याची मला गंमत वाटते.

ह्याच वेळी पूर्वेला स्वातीच्या खाली अर्धवर्तुळात मांडलेले सहा-सात मंद तारे दिसतात, तो उत्तर मुकुट. त्याच्या कडेला एरवी डोळ्यांना न दिसणारा एक तारा आहे, जो १८६६ आणि १९४६ मध्ये काही दिवस ध्रुवाएवढा भडकला होता. दोहोंमधलं अंतर ८० वर्षांचं. मुकुटातले तारे मोजून ठेवा, एखादा जास्तीचा दिसला तर कळेल. ईशान्येला तोवर अभिजित चांगलाच वर आलेला असतो.

अकरानंतर: वृश्चिक

राशींची चित्रं आणि आकाशातले तारे ह्यांचा मेळ बसत नाही अशी तक्रार असणाऱ्यांनी अकरा वाजता आग्नेयेकडे बघावं. वृश्चिक विंचवासारखाच दिसतो. डोक्याकडचे तीन तारे म्हणजे अनुराधा, त्यांच्या खाली लालसर ज्येष्ठा, मग खाली उतरून डावीकडे वळलेली लांब शेपटी आणि तिच्या नांगीपाशी मूळ. ज्येष्ठा हा साडेपाचशे प्रकाशवर्षांच्या आसपासचा महाकाय लाल तारा आहे. मेच्या अखेरीस तो सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणजे संध्याकाळी उगवून रात्रभर दिसतो.

मध्यरात्रीनंतर नांगीच्या डाव्या बाजूला दुर्बीण फिरवा. एकाखाली एक दोन तारकागुच्छ लागतात, खालचा मोठा आणि मोकळा, वरचा लहान. अंधारी जागा असेल तर तिथूनच आकाशगंगेचा पट्टा डावीकडे वर चढत जातो. आकाशगंगेचं केंद्र धनू राशीत, नांगीच्या थोडं पुढे आहे. ते पावणेतीनच्या सुमारास सर्वांत उंच येतं, पण बारा-एकपासूनच पट्टा चांगला दिसू लागतो. शहरातून हे दिसत नाही, तेव्हा शहरात असाल तर ज्येष्ठा बघून झोपायला जा.

५-६ मेच्या पहाटे जागे असाल तर साडेतीन ते पावणेपाचच्या दरम्यान पूर्वेकडे बघा. हॅलीच्या धूमकेतूने मागे सोडलेल्या धुळीतून तेव्हा पृथ्वी जात असते आणि कुंभ राशीच्या दिशेने उल्का येतात. पाऊस वगैरे पडत नाही. तासाला दहा-पंधरा दिसल्या तरी चांगलं म्हणायचं, पण त्या वेगवान असतात आणि मागे रेघ सोडतात.

ग्रह, आणि भिंतीवरचा नकाशा

ग्रह दरवर्षी जागा बदलतात, म्हणून इथे लिहून उपयोग नाही. पण ते कुठे शोधायचे हे ठरलेलं आहे. मिथुन, कर्क, सिंह, कन्या, तूळ, वृश्चिक ही पश्चिमेकडून आग्नेयेकडे आलेली वाट धरा आणि तिच्यावर न लुकलुकणारा, नकाशात नसलेला तारा शोधा. तो ग्रह. वाटेवर नसलेला आणि सरकत जाणारा ठिपका म्हणजे उपग्रह, लाल-हिरवे दिवे असतील तर विमान.

आणि ह्यासाठी ॲप लागतंच असं नाही. आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या, राशी धरतं, त्या आकाशातल्या प्रत्यक्ष तारकासमूहांशी बऱ्यापैकी जुळतात. पंचांगात गुरू सिंहेत लिहिला असेल तर तो सिंहाच्या ताऱ्यांच्या आसपासच सापडतो. भविष्यावर विश्वास असो नसो, पत्ता बरोबर असतो.

त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे दिनदर्शिकेत रोज छापलेलं नक्षत्र. ते चंद्राचं नक्षत्र असतं आणि पुढची वेळ ते संपण्याची. चंद्र रोज सुमारे १३ अंश पूर्वेला सरकतो, म्हणजे दिवसाला एक नक्षत्र. आज मघा छापलं असेल तर संध्याकाळी चंद्राजवळचा ठळक तारा मघा, चार दिवसांनी चित्रा छापलं असेल तर त्याच्याजवळ चित्रा. शुद्ध पक्षातले आठ-दहा दिवस रोज पाच मिनिटं गच्चीवर जाऊन एवढंच करा. चांदण्यात बाकी काही दिसत नाहीच, त्या रात्री अशा कामी लावाव्यात. अडचण फक्त स्वातीची. तो तारा चंद्राच्या वाटेपासून ३० अंश उत्तरेला आहे, त्यामुळे चंद्र ‘स्वातीत’ असतो तेव्हा तो चित्रा आणि विशाखा ह्यांच्या मध्ये कुठेतरी असतो आणि स्वाती लांब वर. हे माहीत नसलं की माणूस पंचांग चुकलं म्हणतो.

मेच्या एका रात्री साडेआठ ते अकरा ह्या वेळात पुनर्वसूपासून मूळपर्यंतची तेरा नक्षत्रं ओळीने बघून होतात, सत्तावीसांतली जवळजवळ निम्मी. बाकीची का दिसत नाहीत ह्याचं उत्तर शेतकऱ्याला विचारा. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागतं आणि ७-८ जूनला मृग, म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो. सूर्यच तिथे असल्यावर मृगाचे तारे रात्री दिसायचे कसे? आणि रात्री दक्षिणेला दिसतो तो हस्त, त्याच्या पावसाला सूर्य तिथे पोचेपर्यंत सप्टेंबरची अखेर उजाडते.

दुपारी बारानंतरचं एक काम

ह्याच दिवसांत शून्य सावली येते. सूर्य आपल्या अक्षांशाएवढा उत्तरेला आला की दुपारी तो बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नाशिकला २० च्या आसपास, नागपुरात २६ मेच्या सुमारास. ती वेळ बरोबर बाराची नसते, पुण्या-मुंबईत साडेबाराच्या थोडी पुढे. सपाट जागेवर डबा उलटा ठेवून मुलांना बसवा.

मुंबईकरांना ह्यात एक जोडबक्षीस आहे. स्वाती खगोलीय विषुववृत्ताच्या १९ अंश उत्तरेला आहे आणि मुंबईचे अक्षांशही १९. त्यामुळे शून्य सावलीच्या दिवशी दुपारी सूर्य ज्या जागेवरून जातो, त्याच जागेवरून रात्री सव्वाअकराच्या सुमारास स्वाती जाते, अगदी डोक्यावरून. दादर-परळच्या गच्चीवरूनही हे दिसतं. आडवं पडा आणि मान न वळवता सरळ वर बघा.

जूनमध्ये

पहिला पाऊस झाला की दुर्बीण तशीच पिशवीत घालून कपाटात टाकू नका. कोकणात आणि मुंबईत दमटपणाने भिंगांवर बुरशी धरते, ती आतल्या बाजूला गेली की दुरुस्तीला नव्या दुर्बिणीएवढा खर्च येतो. भिंगं मऊ कोरड्या फडक्याने पुसून, हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांबरोबर ठेवा. रंग बदलणारं जेल मिळालं तर उत्तम, भिजल्याचं लगेच कळतं. महिन्यातून एकदा डबा उघडून जेल तव्यावर मंद आचेवर कोरडं करायचं आणि गार झाल्यावर परत आत टाकायचं.